क्यूब 'पास' झाला, म्हणजे नक्की काय सिद्ध झालं?

मटेरियल टेस्टिंगवरचा एखादा प्रबंध उघडा. निष्कर्षाच्या प्रकरणात साधारण या अर्थाचं वाक्य भेटायची शक्यता फार: टी-चाचणी लावली, पी-मूल्य ०.०५ पेक्षा जास्त आलं, म्हणून नमुने मजबुतीची अट पूर्ण करतात. मग व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक शांतपणे विचारतात, "तुमची शून्य परिकल्पना काय होती?" आणि पुढचा काही वेळ खोलीत फक्त पंख्याचा आवाज ऐकू येतो.

प्रश्न साधा वाटतो, पण आहे मोठा. 'माल चांगला आहे' असं धरून तो वाईट असल्याचा पुरावा शोधायचा, की 'माल कमकुवत आहे' असं धरून तो चांगला असल्याचा पुरावा मागायचा? सूत्र दोन्हीकडे तेच, टी-तक्ता तोच. बदलतं ते एवढंच की सिद्ध करायचं ओझं कोणाच्या डोक्यावर. आणि हे ओझं गणिताने ठरवलेलं नाही. ते व्यापाराने, कारखान्यांनी आणि काही अपघातांनी ठरवलं. म्हणून आज सूत्रांपेक्षा जरा इतिहास बघू या.

सुरुवात लंडनपासून करू. डेव्हिड कर्कॉल्डी हा मूळचा डंडीचा माणूस. ग्लासगोला रॉबर्ट नेपियरच्या कारखान्यात असताना त्याने लोखंडाचे आणि पोलादाचे नमुने ओढून-तोडून पाहिले आणि त्यांचे निकाल १८६२ साली पुस्तकरूपाने छापले. पुढे १८६६ मध्ये त्याने लंडनच्या सदर्क भागात स्वतःचं चाचणी केंद्र सुरू केलं. त्याचं यंत्र आडवं, पाण्याच्या दाबावर चालणारं, सुमारे ४७ फूट लांब आणि ११६ टन वजनाचं. त्या काळी लोखंड विकणारा 'आमचं लोखंड उत्तम' म्हणायचा आणि घेणारा बहुधा ते मान्य करायचा. कर्कॉल्डीचं म्हणणं असं की माझ्याकडे आणा, तोडून बघू. त्याच्या इमारतीच्या दारावर कोरलेल्या शब्दांचा आशय होता: मतं नकोत, वस्तुस्थिती हवी. स्वतंत्र, पैसे घेऊन कोणाचाही माल तपासणारी प्रयोगशाळा ही कल्पना तेव्हा नवीन होती. आज आपण ज्याला 'थर्ड पार्टी टेस्टिंग' म्हणतो, त्याची पाळंमुळं अशा ठिकाणी आहेत.

२८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या रेल्वे पुलाचा मधला भाग कोसळला. वरून जाणारी गाडी नदीत गेली, गाडीतलं कोणीही वाचलं नाही. पूल सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. चौकशीत पुलाचे भाग कर्कॉल्डीकडे तपासायला आले. पुलाचे खांब ओतीव लोखंडाचे होते, आणि त्या खांबांना ओततानाच 'कान' ठेवलेले होते. खांबांना तिरप्या पट्ट्यांनी एकमेकांशी बांधायचं ते या कानांतून बोल्ट घालून. हिशेबाप्रमाणे असा कान सुमारे ६० टन भार घेईल अशी अपेक्षा होती. कर्कॉल्डीच्या यंत्रावर खालचे कान सुमारे २० टनांवरच तुटले. बोल्टची भोकं ड्रिलने पाडली नव्हती, ओतकामातच ठेवली होती. त्यामुळे ती किंचित निमुळती झाली होती आणि सगळा दाब भोकाच्या एका कडेवर यायचा. शिवाय चौकशीत असंही बाहेर आलं की ओतकामातल्या पोकळ्या बुजवायला मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांचं मिश्रण वापरलं जात होतं. वरून रंग मारला की खांब दिसायला अगदी झकास!

आता संशोधक म्हणून इथे थांबा. ६० च्या जागी २० आले तर कोणत्याही चाचणीची गरज नाही, डोळे पुरेत. संख्याशास्त्र लागतं ते फरक बारीक असतो तेव्हा. हवे होते २५, आले २५.८. पुढच्या खेपेला आले २४.२. तिसऱ्या खेपेला काय येईल? कर्कॉल्डीने मोजायला शिकवलं, पण त्याच मालाचे दोन तुकडे वेगवेगळे आकडे का देतात आणि त्या चढ-उताराचं काय करायचं, याचं उत्तर त्याच्या यंत्रात नव्हतं.

ते उत्तर निम्मं आलं डब्लिनहून, बिअरच्या कारखान्यातून. विल्यम सीली गॉसेट १८९९ मध्ये गिनेस कंपनीत लागला. बार्ली, माल्ट, हॉप्स यांचे प्रयोग महागडे, म्हणून नमुने थोडे. त्या वेळचं संख्याशास्त्र शेकडो-हजारो निरीक्षणांवर पोसलेलं होतं आणि गॉसेटच्या हातात चार-दहा. चार निरीक्षणांची सरासरी किती चुकू शकते? हे पडताळायला त्याने तीन हजार गुन्हेगारांच्या उंचीचे आणि बोटाच्या लांबीचे आकडे घेतले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. १९०८ साली 'बायोमेट्रिका'त हा निबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने छापून आला, कारण स्वतःच्या नावाने छापायला कंपनीची परवानगी नव्हती. म्हणून आपण आजही 'स्टुडंटची टी-चाचणी' म्हणतो. (विद्यार्थ्यांसाठी केलेली चाचणी म्हणून ते नाव पडलं, हा गैरसमज मी प्री-पीएच.डी. कोर्सच्या वर्गातही ऐकला आहे.)

बाकी निम्मं उत्तर टेलिफोन कंपनीतून आलं. अमेरिकेत बेल कंपनीसाठी लाखो सुटे भाग बनत होते. प्रत्येक भाग तपासणं परवडत नाही, आणि मजबुतीच्या बाबतीत तर शक्यच नाही, कारण तोडून तपासलेला भाग परत वापरता येत नाही. वॉल्टर श्यूहार्टच्या १९३१ च्या पुस्तकात ॲल्युमिनियमच्या ६० ओतीव नमुन्यांचे आकडे आहेत, ताणमजबुतीचे आणि सोबत कडकपणाचेही. कडकपणाच का? कारण तो माल न मोडता मोजता येतो आणि त्यावरून मजबुतीचा अंदाज बांधता येईल का, हे त्याला बघायचं होतं. त्याचे सहकारी डॉज आणि रोमिग यांनी १९२९ मध्ये नमुना-तपासणीची पद्धत मांडली. त्यातली दोन नावं पाठ करा: उत्पादकाची जोखीम आणि ग्राहकाची जोखीम. चांगला लॉट चुकून नापास झाला तर उत्पादकाचं नुकसान. वाईट लॉट चुकून पास झाला तर ग्राहकाचं.

१९३३ साली येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी परिकल्पना परीक्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या चुका या जोखमींशी नेमक्या जुळतात. हा योगायोग म्हणून सोडून देऊ नका. एगॉन पिअर्सन १९३१ मध्ये अमेरिकेत जाऊन श्यूहार्टला भेटला होता, श्यूहार्टने १९३२ मध्ये लंडनला येऊन व्याख्यानं दिली होती, आणि १९३५ मध्ये ब्रिटिश मानक संस्थेने औद्योगिक दर्जासाठी संख्याशास्त्र कसं वापरायचं याचं जे पुस्तक काढलं, ते लिहिलं होतं एगॉन पिअर्सननेच. (याच वर्षांत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे लंडनला या दोघांबरोबर काम करत होते. १९३६ मध्ये तिथेच त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे ते शेती आणि पोषणाकडे वळले.) रोनाल्ड फिशरला मात्र हा प्रकार मुळीच पटला नाही. माल घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणं वेगळं आणि निसर्गाबद्दल काही शिकणं वेगळं, दोन्हींची गल्लत करू नका, असं तो १९५५ मध्येही भांडत होता. माझं मत विचाराल तर फिशरचा आक्षेप रास्तच आहे, फक्त आपल्या विषयाला लागू नाही. 'हा माल अटीत बसतो का' हा मुळातच घ्यायचं-की-परत-पाठवायचं छाप प्रश्न आहे.

आता वहीत आकडे मांडा. समजा, अट अशी की सरासरी मजबुती किमान २५ एमपीए हवी. तुम्ही नऊ स्वतंत्र नमुने तोडले. सरासरी आली २५.८, प्रमाण विचलन २.०. टी-मूल्य येतं १.२. आठ स्वातंत्र्यांशांसाठी एकतर्फी ५ टक्क्यांची सीमा १.८६.

परिकल्पना 'माल चांगला आहे' अशी मांडली असेल तर ती फेटाळता येत नाही. माल पास. 'माल कमकुवत आहे' अशी मांडली असेल तर तीही फेटाळता येत नाही. माल सिद्ध झालेला नाही, म्हणजे नापास. तेच नऊ तुकडे, तीच चाचणी, उलटे निकाल. यापुढची गोष्ट जास्त त्रासदायक आहे. सरासरी २५.८ ऐवजी २४.२ आली असती, म्हणजे अटीच्या खाली, तरी 'माल चांगला आहे' धरणाऱ्याच्या हिशेबाने टी उणे १.२ येतो आणि माल पासच होतो!

आणि नमुने नऊऐवजी तीनच घेतले तर? दोन स्वातंत्र्यांशांसाठी सीमा थेट २.९२ वर जाते. सरासरी २२ आली, विचलन तेच २, तर टी येतो उणे २.६. पुन्हा पास. नऊ नमुन्यांत हीच सरासरी आली असती तर टी उणे ४.५ आला असता आणि माल निर्विवाद नापास झाला असता. म्हणजे 'चांगला आहे' हे गृहीत धरून 'पी ०.०५ पेक्षा जास्त' यावर खूश होणं म्हणजे जो कमी तपासतो त्याला बक्षीस देणं. सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. त्यातून माल चांगला असल्याचं काहीही सिद्ध होत नाही. फक्त एवढंच कळतं की माल वाईट असल्याचं दाखवायला तुमच्याकडे पुरेसे नमुने नव्हते.

विमानांच्या क्षेत्रात ओझं उलट बाजूला ठेवतात. तिथे डिझाइनमध्ये जी मजबुती धरायची ती अशी हवी की किमान ९० टक्के माल तिच्या वर असेल, आणि हे आपण ९५ टक्के खात्रीने म्हणू शकू. एकच भाग मोडल्याने सगळं कोसळणार असेल तर ९० च्या जागी ९९ टक्के. नमुने कमी घेतले तर सरासरीतून जास्त वजा करावं लागतं, म्हणजे तुमच्याच मालाची अधिकृत मजबुती घसरते. कमी तपासल्याची शिक्षा तपासणाऱ्यालाच. गणित तेच, पण आता उत्पादक स्वतःहून जास्त नमुने तोडतो.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की आपण सरासरी सोडून 'किती टक्के माल वर' या भाषेत आलो. हे वळणही इतिहासातलंच आहे. दोरी तुटते ती सरासरी जागी तुटत नाही, सगळ्यात कच्च्या जागी तुटते. एफ. टी. पीअर्स याने १९२६ मध्ये सुताच्या चाचण्यांवर लिहिताना हेच गणितात मांडलं: सुताचा तुकडा जितका लांब, तितकी त्यात एखादी फार कच्ची जागा असण्याची शक्यता जास्त, म्हणून लांब तुकडा कमी भारावर तुटतो. स्वीडनच्या वालोदी वायबुलने १९३९ मध्ये सगळ्याच पदार्थांच्या मजबुतीसाठी असा सिद्धांत उभा केला. त्याच्या १९५१ च्या गाजलेल्या निबंधात उदाहरणादाखल पोलाद आहे, राख आहे, चवळी-घेवड्याच्या जातीतल्या बिया आहेत आणि भारतीय कापसाच्या तंतूंची मजबुतीही आहे. मुंबईत माटुंग्याला कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा १९२४ पासून होती, म्हणजे तंतू तोडून मोजायचं काम आपल्याकडेही जुनंच. तुमच्यासाठी यातला व्यावहारिक भाग एवढाच: नमुन्याचा आकार बदलला की मजबुतीचा आकडाही बदलतो. १०० मिलिमीटरचा क्यूब सहसा १५० च्या क्यूबपेक्षा थोडी जास्त मजबुती दाखवतो. अट एका आकाराची आणि चाचणी दुसऱ्या आकारावर, असा घोळ करून मग पी-मूल्य काढू नका.

आता आपल्या काँक्रीटकडे येऊ. भारतीय मानक संस्था १९४७ ची. त्याच सुमारास, १९४७-४८ मध्ये, महालनोबिसांच्या आमंत्रणावरून श्यूहार्ट स्वतः भारतात येऊन गेला. काँक्रीटचं मानक आयएस ४५६ पहिल्यांदा १९५३ मध्ये निघालं, १९७८ च्या आवृत्तीत नवी डिझाइन पद्धत आली आणि सध्याची आवृत्ती २००० ची आहे. एम २५ काँक्रीट म्हणजे काय? सरासरी २५ असलेलं काँक्रीट नव्हे. ज्याचे १०० पैकी ५ पेक्षा जास्त निकाल २५ च्या खाली जाऊ नयेत अशी अपेक्षा असते, ते एम २५. म्हणून मिक्स डिझाइन करताना सरासरीचं लक्ष्य २५ अधिक प्रमाण विचलनाच्या १.६५ पट असं ठेवतात.

मग साइटवरचा माल स्वीकारायचा कसा? आयएस ४५६ ची एक अट अशी: लागोपाठच्या चार निकालांची सरासरी ही ठरलेली मजबुती अधिक प्रमाण विचलनाच्या ०.८२५ पट इतकी तरी हवी. (याशिवाय एक ठोक किमान आकडा आहे आणि एकेका निकालासाठीही खालची मर्यादा आहे, ती इथे बाजूला ठेवू.) हा ०.८२५ कुठून आला? पुष्कळ जण तो पाठ करतात, विचारत कोणी नाही. १.६५ ला दोनने भागा. दोन म्हणजे चारचं वर्गमूळ. चार निकालांच्या सरासरीचं विचलन एका निकालाच्या निम्मं असतं. म्हणजे माल खरोखरच लक्ष्यावर असेल, तर चारची सरासरी या रेषेखाली जायची शक्यता बरोबर ५ टक्के. ओळखलंत? ही चक्क एकतर्फी चाचणी आहे, सही-शिक्क्यासह. शून्य परिकल्पना: माल लक्ष्याप्रमाणे आहे. उत्पादकाची जोखीम: ५ टक्के. 'हायपोथेसिस' हा शब्द न उच्चारता साइट इंजिनिअर दर महिन्याला ती लावत असतो.

आणि ग्राहकाची जोखीम? समजा कंत्राटदाराने सिमेंट जरा आवरतं घेतलं आणि खरी सरासरी लक्ष्यावर न राहता नेमकी या ०.८२५ च्या रेषेवर आली. अशा मालाचे १०० पैकी सुमारे २० निकाल २५ च्या खाली जातात, पाचच्या चौपट. आणि फक्त या अटीपुरतं पाहिलं तर असा माल पास व्हायची शक्यता निम्मी-निम्मी, छापा-काटा. मानक लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं समजू नका. वर बाजूला ठेवलेल्या अटी याचसाठी आहेत, शिवाय डिझाइनमध्ये सुरक्षेचे गुणक वेगळे असतात. पण ओझं कोणावर आहे हे एकदा स्वच्छ दिसलं की आपण टेबलवरचा आकडा वेगळ्या नजरेने बघतो.

संशोधनात सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती 'नमुना' या शब्दावर. आयएस ४५६ च्या भाषेत एका वेळच्या काँक्रीटमधून भरलेले तीन क्यूब मिळून एक नमुना, त्यांची सरासरी म्हणजे एक निकाल. बारा क्यूब तोडलेत म्हणजे निकाल चार, बारा नव्हेत. एकाच घमेल्यातल्या तीन क्यूबमधला फरक हा भरणाऱ्याच्या हाताचा आणि यंत्राचा फरक, काँक्रीटच्या एका बॅचपासून दुसऱ्या बॅचपर्यंतचा नव्हे. बारा धरून टी काढलात तर विचलन खोटं लहान येतं आणि खात्री खोटी मोठी. प्रयोगशाळेत एकाच दिवशी, एकाच मिक्सरमधून अठरा क्यूब भरून 'अठरा नमुने' लिहिणारे प्रबंध कमी नाहीत. आराखडा मंजूर करून घ्यायच्या आधी गाइडला विचारा की बॅचेस किती परवडतील. क्यूब किती, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि शून्य परिकल्पना, आपल्याला पकडायचा असलेला सगळ्यात लहान फरक आणि दोन्ही जोखमी पहिला क्यूब तुटायच्या आधी तारीख घालून वहीत लिहून ठेवा. वरच्या उदाहरणात खरी सरासरी २४ असती, तर नऊ नमुन्यांच्या चाचणीला ती कमतरता पकडता येण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के होती. हे नंतर कळून उपयोग नाही.

साइटवरची अडचण याहून वेगळी. क्यूबचा निकाल २८ दिवसांनी येतो, तोवर त्या स्लॅबवर पुढचा स्लॅब पडलेला असतो. निकाल नापास आला तर उभ्या इमारतीतून कोअर काढतात, किमान तीन. त्यांची सरासरी ठरलेल्या मजबुतीच्या ८५ टक्के असली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसला, तर ते काँक्रीट स्वीकारलं जातं. एम २५ साठी हे आकडे होतात २१.२५ आणि १८.७५. कोअर काढताना काँक्रीटला बसणारे हादरे आणि साइटवरचं क्युरिंग यांमुळे आकडा थोडा कमी येणार, हे या सवलतीमागचं एक कारण. पण शून्य परिकल्पनेच्या चष्म्यातून बघा. नापास क्यूब हातात असताना, फक्त तीन कोअरवर, ओझं आता कोणाच्या डोक्यावर आहे? तीन कोअरसाठी ग्राहकाची जोखीम किती होते, ते विचलनाच्या वेगवेगळ्या किमती धरून काढून बघा. तासाभराचं काम आहे, एक्सेलवरही होतं.